दस्तऐवज शाबूत आहे, वाचायचा कसा?

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयात (त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही) माझ्यापुढे एक प्रकरण आले. निवृत्तीला आलेल्या एका लिपिकाने आपल्या पदोन्नतीच्या तारखेबद्दल दाद मागितली होती आणि त्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या एका ज्येष्ठता यादीचा आधार घेतला होता. यादीची कागदी प्रत दप्तरात मिळत नव्हती. ज्या युनिक्स यंत्रावर ती टंकलिखित झाली, ते केव्हाच निर्लेखित होऊन भंगारात गेले होते. मात्र जाण्यापूर्वी कोणा शहाण्या माणसाने त्यातील फाइली फ्लॉपीवर उतरवून ठेवल्या होत्या. ती फाइल नव्या विंडोज यंत्रावर नोटपॅडमध्ये उघडली, तेव्हा पडद्यावर एकच अखंड ओळ दिसली. नावे, तारखा, क्रमांक सगळे एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये मध्ये काळे चौकोन. टिपणीवर शेरा पडला, "फाइल खराब झाली आहे. वाचता येत नाही."

तो शेरा माझ्या सहीने कायम झाला असता तर अर्जदाराचा दावा तिथेच संपला असता. पण कार्यालयातील एका तरुण डेटा एंट्री ऑपरेटरने तीच फाइल वर्डपॅडमध्ये उघडली आणि यादी ओळीवार, रकान्यांसकट समोर उभी राहिली. "साहेब, फाइल चांगली आहे. उघडणारा प्रोग्राम चुकीचा होता," एवढेच तो म्हणाला.

कारण अगदी क्षुल्लक होते. जुन्या टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन क्रिया कराव्या लागत: गाडा डावीकडे परत आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. डॉस व विंडोज यांनी ओळीच्या शेवटी या दोन्ही क्रियांची दोन चिन्हे ठेवली, युनिक्सने एकच ठेवले. वर्डपॅडला दोन्ही पद्धती समजत होत्या. नोटपॅडला युनिक्सची ओळ ओळखू येण्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले. एका लिपिकाची ज्येष्ठता एका अदृश्य चिन्हावर लटकलेली पाहिल्यापासून या विषयाकडे मी लक्ष देऊ लागलो. दस्तऐवज जपणे आणि दस्तऐवज वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली अभिलेख व्यवस्था पहिलीचाच विचार करते.

मराठी माणसाला हे खरे तर नव्याने सांगायला नको. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल आजही बांधलेले आहेत. कागद टिकला, शाई टिकली. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी स्वीकारण्याचा निर्णय घेतला, पुढे शाळांतून मोडी गेली, आणि तीन-चार पिढ्यांत वाचणारी माणसे संपत आली. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले, म्हणून आपल्यासारख्यांना त्यातले थोडे तरी वाचता येते. संगणकाच्या भाषेत बोलायचे, तर सरदेसाई आणि त्यांचे सहकारी यांनी एका लिपीतील दस्तऐवज दुसऱ्या व्यवस्थेत नेऊन ठेवले. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये.

आता युनिक्सकडे वळू. ही ऑपरेटिंग सिस्टिम १९६९ पासून बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून आकाराला आली, हे सर्वपरिचित आहे. ती जगली ती मात्र एका कार्यालयीन गरजेमुळे, ही गोष्ट प्रशासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी यंत्र द्या, अशी मागणी या मंडळींनी आधी केली होती आणि ती नाकारली गेली होती. मग त्यांनी मागणीचे शीर्ष बदलले. मजकूर लिहिणे, दुरुस्त करणे व सुबक मांडणे यांसाठी यंत्र हवे, असे म्हटल्यावर पीडीपी-११ मंजूर झाले. (मागणीचे शीर्ष बदलल्यावर निधी मिळतो, हा अनुभव केवळ आपल्याच सचिवालयांचा नाही.) १९७१ च्या उत्तरार्धात बेलच्या पेटंट विभागातील तीन टंकलेखक दिवसभर त्या यंत्रावर पेटंटचे अर्ज तयार करीत. युनिक्सचे पहिले खरे गिऱ्हाईक म्हणजे दस्तऐवज तयार करणारे एक कार्यालय होते.

१९७३ मध्ये युनिक्स सी या भाषेत पुन्हा लिहिले गेले आणि काही वर्षांत ते दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर नेता येते हेही सिद्ध झाले. प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या या कामाला 'पोर्ट करणे' म्हणतात. आपल्याकडील बदलीशी त्याचे साम्य आहे. अधिकारी तोच, त्याचे ज्ञान तेच. पण नव्या जिल्ह्यात त्याला भाषा, नकाशा, स्थानिक रिवाज सारे नव्याने शिकावे लागते, आणि जुन्या जिल्ह्यात जे न बोलता होत असे ते इथे लेखी मागावे लागते.

दस्तऐवज दाखवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे दर्शकाला, ही बदली विशेष जड जाते. हिशेब करणारा प्रोग्राम आकडे घेतो व आकडे देतो, त्याचे कुठेही भागते. दर्शकाला मात्र पडद्यावर चित्र काढायचे असते, अक्षरांचे साचे शोधायचे असतात, कागदाच्या मापाचा मान राखायचा असतो, आणि या प्रत्येक गोष्टीसाठी तो त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारात उभा असतो. युनिक्सवर पडद्याचा कारभार १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमकडे होता, विंडोजवर तो पूर्णपणे निराळ्या व्यवस्थेकडे.

पोस्टस्क्रिप्टचे उदाहरण घेऊ. ॲडोबीने १९८४ मध्ये आणलेली ही छपाईची भाषा. १९८८ मध्ये एल. पीटर डॉइच यांनी ती समजणारा घोस्टस्क्रिप्ट हा मुक्त प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याला चेहरा नव्हता. युनिक्सवर विस्कॉन्सिन विद्यापीठातील टिम थायसन यांनी घोस्टव्ह्यू लिहून तो दिला. घोस्टव्ह्यू खिडकी उघडी, घोस्टस्क्रिप्टला वेगळी प्रक्रिया म्हणून चालू करी, आणि "या खिडकीत चित्र काढ" असे सांगे. एक्स विंडोमध्ये एका प्रोग्रामच्या खिडकीत दुसऱ्याने चित्र काढणे हा सोयीचा व्यवहार होता. विंडोजवर ही सोयच नव्हती. तेव्हा रसेल लँग यांनी घोस्टस्क्रिप्टला हाक मारली की येईल अशा ग्रंथालयाचे, म्हणजे डीएलएलचे, रूप दिले आणि जीएसव्ह्यू हा नवा दर्शक विंडोज व ओएस/२ यांसाठी लिहिला. इंजिन तेच राहिले, गाडीचा साटा बदलला. पुढे जे जे दर्शक एका व्यवस्थेतून दुसरीत गेले, त्यांनी बहुधा हीच वाट धरली. ज्यांच्यात इंजिन आणि चेहरा यांची सरमिसळ होती ते अडकून पडले. डेरेक नूनबर्ग यांचा १९९५ चा एक्सपीडीएफ पाहा. त्यातील पीडीएफमधून मजकूर काढणारी छोटी साधने विंडोजवर लवकर पोचली, पण पाने दाखवणारा भाग युनिक्सच्या मोटिफ या साधनसंचात गुंतलेला असल्याने २०१७ च्या चौथ्या आवृत्तीत तो नव्याने लिहावा लागला.

बारीकसारीक अडचणी मोठ्या अडचणींहून जास्त वेळ खातात, हे तर शासनात रोज दिसते. युनिक्सवर फाइल ही केवळ बाइटांची माळ असते, ती मजकुराची आहे की चित्राची याच्याशी ऑपरेटिंग सिस्टिमला कर्तव्य नसते. डॉस व विंडोज परंपरेत प्रोग्रामने वेगळे सांगितले नाही, तर फाइल मजकुराचीच समजली जाते, ओळींची चिन्हे परस्पर बदलली जातात, आणि २६ या किमतीचा बाइट दिसला की फाइल संपली असे धरले जाते. आवळलेल्या चित्रात तो बाइट सरासरी दर २५६ बाइटांमागे एकदा येणारच. युनिक्सवर वर्षानुवर्षे बिनचूक चाललेला दर्शक विंडोजवर आणला की पानाचा वरचा पट्टा दाखवून थांबतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की स्कॅनच अर्धवट झाला. उपाय काय, तर फाइल उघडण्याच्या आज्ञेत एकच अक्षर जास्त लिहायचे. ते अक्षर युनिक्सवर लिहिले काय, न लिहिले काय, काही फरक पडत नाही; म्हणूनच ते लिहायचे राहून जाते.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न फाइलच्या नावाचा. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत अशा हिशेबाने बेतली की जुन्या युनिक्स प्रोग्रामांना जगातील कोणत्याही लिपीतील नाव काहीही न समजता पुढे पाठवता यावे. देवनागरीचे एक चिन्ह त्यात तीन बाइट घेते. विंडोजच्या एनटी शाखेने १६ बिटांची चिन्हे स्वीकारली आणि जुन्या प्रोग्रामांसाठी प्रत्येक भाषेची आठ बिटांची तक्ता-पद्धत शिल्लक ठेवली. देवनागरीसाठी मात्र असा तक्ता तिथे कधी नव्हताच. परिणाम असा की 'सातबारा उतारा' असे मराठी नाव दिलेली फाइल लिनक्सवरच्या दर्शकात विनातक्रार उघडे, आणि तोच दर्शक घाईने विंडोजवर आणला की त्याला त्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे व फाइल सापडत नसे. फ्रेंच किंवा जर्मन वापरकर्त्यांना हा त्रास आपापल्या तक्त्यामुळे जाणवत नसे, म्हणून दुरुस्तीची घाईही कोणाला नसे.

याची उलट बाजूही आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे, त्यात काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजायची. विंडोजवर २५५ चिन्हे बसतात. आपल्या कार्यालयांत विषय हेच फाइलचे नाव करण्याची सवय आहे : 'अमुक तालुक्यातील तमुक गावच्या गट क्रमांकाबाबत प्राप्त तक्रार अर्जाचे अनुषंगाने करावयाची कार्यवाही'. विंडोजवर मुकाट्याने जतन झालेली ही फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर उतरायलाच नकार देते. विषय थोडक्यात लिहावा, हे कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तकाला जमले नाही ते इथे एका आकड्याने करून दाखवले आहे!

हे सारे बेंगळुरूच्या संदर्भात का लिहितो, त्याचे कारण आता सांगतो. शहाजीराजांना १६३८ नंतर जहागिरीत मिळालेल्या या गावात आज आपल्यासारखे मराठी लोक नोकरीनिमित्त येऊन राहतात, आणि ग्रंथसंग्रहालये दूर राहिल्याने जुन्या मराठी पुस्तकांसाठी आसुसलेले असतात. त्यांच्यासाठी या शतकाच्या आरंभी याच शहरात एक मोठी गोष्ट घडली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी यांनी दहा लाख पुस्तके स्कॅन करण्याचा प्रकल्प मांडला, भारतीय विज्ञान संस्थेतील एन. बालकृष्णन यांनी त्याचा भारतातील भार उचलला, आणि २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले. देशभरच्या केंद्रांत पुस्तके स्कॅन होत होती, मराठीही त्यात होती. २०१६ पर्यंत एकूण संख्या साडेपाच लाखांवर गेली.

पाने साठवण्यासाठी निवडलेले रूप होते टिफ. ६०० ठिपके प्रति इंच, फक्त काळा आणि पांढरा, आणि आवळण्यासाठी फॅक्सच्या जगातील ग्रुप ४ ही पद्धत. अभिलेखाच्या दृष्टीने ही निवड मला आजही उत्तम वाटते. ए-४ आकाराच्या पानाचे साडेतीन कोटी ठिपके होतात, ते न आवळता ठेवले तर चार मेगाबाइटहून अधिक जागा लागते. ग्रुप ४ मुळे साध्या छापील पानाची तीच जागा शंभर-दीडशे किलोबाइट किंवा त्याहूनही खाली येते, आणि एकही ठिपका गमावला जात नाही. टिफ हे रूप १९८६ मध्ये आल्डस कंपनीने आणले. त्याच्या कर्त्यांना बदलीची जाण होती. फाइलचे पहिलेच दोन बाइट सांगतात की पुढचे आकडे इंटेलच्या क्रमाने लिहिले आहेत की मोटोरोलाच्या, आणि चांगल्या दर्शकाने दोन्ही वाचावेत अशी अपेक्षा असते.

गोम अशी की त्या काळचे बहुतेक ब्राउझर टिफ स्वतः दाखवत नसत. वाचकाला वेगळा जोड-प्रोग्राम बसवावा लागे, आणि असे सोयीचे जोड-प्रोग्राम विंडोजवरच्या ब्राउझरसाठी लिहिलेले होते. लिनक्सवर टिफ वाचणारी साधने तर उदंड होती. सॅम लेफ्लर यांचे टिफ ग्रंथालय १९८८ पासून युनिक्सवर नांदत होते. पण ती साधने फाइल हातात असली तर चालत, ब्राउझरच्या खिडकीत नव्हे. म्हणजे इथे बदली उलट दिशेने हवी होती, विंडोजकडून युनिक्सकडे, आणि ती करायला कोणी बसलेले नव्हते. सार्वजनिक पैशाने स्कॅन झालेले, स्वामित्वहक्क संपलेले पुस्तक. ते वाचायचे तर व्यवहारात एका विशिष्ट कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम घरी हवी. कोणी हेतुपुरस्सर असे ठरवले नव्हते. साठवण्याचे रूप ठरवणाऱ्या बैठकीत वाचकाच्या घरचे यंत्र कोणते, हा मुद्दा कार्यसूचीवर नसतो, एवढेच.

वाचकांनी आपली वाट काढली. पुस्तकाच्या क्रमांकावरून एकेक पान उतरवून घेणारे आणि सगळी पाने जोडून एक पीडीएफ करणारे छोटे प्रोग्राम स्वयंसेवकांनी लिहिले व एकमेकांना दिले. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या इंटरनेटवर रात्री लावलेले तीनशे पानांचे पुस्तक सकाळी पूर्ण झालेले पाहण्याचा आनंद ज्यांनी घेतला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. त्या मंडळींनी केलेली सेवा कोणत्याही अहवालात आलेली मी पाहिलेली नाही.

स्कॅन केलेल्या पानांसाठी त्याच काळात आणखी एक रूप पुढे आले होते, देजाव्हू. एटी अँड टी लॅब्जमध्ये यान लकून, लेऑन बोटू आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात ते तयार केले. पानावरील अक्षरे एका थरात आणि पिवळट कागदाची पार्श्वभूमी दुसऱ्या थरात वेगळी करून त्यांना निरनिराळ्या रीतीने आवळायचे, ही त्याची मेख. पिवळ्या पडलेल्या कागदावरील जुन्या मराठी पुस्तकांना ते फार शोभे. हे तंत्र २००० मध्ये लिझर्डटेक या कंपनीकडे गेले. इंजिनाचा स्रोत मात्र मुक्त परवान्याखाली खुला झाला, आणि बोटू व इतरांनी त्यावर देजाव्हूलिब्र उभे केले. त्याचा दर्शक आधी युनिक्सवर होता. इंजिन वेगळे असल्याने पुढे तो विंडोजवर व मॅकवरही गेला, आणि अँड्र्यू झेझेरुन यांनी त्याच इंजिनावर खास विंडोजसाठी विनदेजाव्ह्यू लिहिला. तरीही हे रूप मागे पडले. इंटरनेट आर्काइव्हने २०१६ मध्ये नवीन पुस्तकांसाठी देजाव्हू बनवणे थांबवले. गुणवत्तेत हरला असे नाही. पीडीएफचा दर्शक प्रत्येक यंत्रावर आधीपासून बसलेला असे, देजाव्हूचा शोधून बसवावा लागे. पीडीएफ २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही झाले होते. जो कागद वाचायला वेगळा माणूस बोलवावा लागतो तो कागद दप्तरात तळाशी जातो.

याच शहरातून त्याच वर्षांत राबवलेल्या दुसऱ्या प्रकल्पाने हा प्रश्न अगदी वेगळ्या तऱ्हेने सोडवला. कर्नाटक महसूल विभागाच्या 'भूमी' प्रकल्पात सुमारे ६७ लाख खातेदारांचे दोन कोटी उतारे १७७ तालुक्यांत संगणकावर आले, आणि २००२ पर्यंत हस्तलिखित उताऱ्याची मान्यता संपली. शेतकऱ्याने तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपये द्यायचे आणि छापील उतारा घ्यायचा. दर्शक कोणता, फॉन्ट कोणता, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, ही चिंता खिडकीच्या आतल्या बाजूला राहिली. बाहेर आला तो कागद. मी सुरुवातीला या कागदनिष्ठेला हसत असे. आता हसत नाही. ज्याच्या घरी संगणकच नाही त्याच्यासाठी कागद हाच सर्वत्र चालणारा दर्शक होता. अर्थात यातून अधिकार गावातल्या माणसाकडून तालुक्याच्या खिडकीकडे सरकला, आणि त्याचा लाभ जमिनीच्या मोठ्या खरेदीदारांनाही झाला, ही सॉलोमन बेंजामिन आदी अभ्यासकांनी २००७ मध्ये केलेली टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही. निपाणी, खानापूरकडच्या आपल्या लोकांचा प्रश्न तर निराळाच. उतारा हाती येतो तो कानडीत, आणि तो वाचून दाखवणारा 'दर्शक' म्हणजे बहुधा शाळेत जाणारी नात.

फॉन्टची कहाणी वाचकांना ठाऊक आहेच, म्हणून थोडक्यात. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक वृत्तपत्राचा, प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्याची आतली मांडणीही वेगळी. घरून आलेले पत्र उघडावे तर रोमन अक्षरांचा काला दिसे. तिथेही मजकूर शाबूत आणि दर्शक अपुरा असाच प्रकार होता. विंडोज २००० बरोबर आलेला र. कृ. जोशी यांचा मंगल फॉन्ट, आणि इथल्याच शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांचा मुळात कानडीसाठी जन्मलेला पण अनेक मराठी अनुदिनीकारांनी जवळ केलेला 'बरहा' या दोहोंनी बाहेरगावच्या मराठी माणसाची मोठी सोय केली. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोडला मानक म्हणून मान्यता दिली २००९ मध्ये, आणि खुल्या मानकांचे धोरण आणले नोव्हेंबर २०१० मध्ये.

त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च २०११ मध्ये, बेंगळुरूच्या आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयात केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समूहाची भारतातील पहिली परिषद भरली. या समूहाचा ओक्युलर हा दर्शक माझ्या मते या सगळ्या इतिहासाची बेरीज आहे. एक्सपीडीएफच्या इंजिनापासून २००५ मध्ये पॉपलर हे स्वतंत्र ग्रंथालय निघाले. केडीईच्या केपीडीएफपासून त्याच वर्षी ओक्युलरचे काम सुरू झाले. आणि योगायोगाने त्याच वर्षी, ज्या क्यूटी या साधनसंचावर केडीई उभे आहे, त्याची विंडोजसाठीची आवृत्तीही मुक्त परवान्याखाली मिळू लागली. केडीईचे प्रोग्राम विंडोजवर का येत नव्हते, याचे एक मोठे कारण इथे होते. तांत्रिक अडचण दुय्यम होती, परवान्याची अट मुख्य होती. किती तरी योजना तंत्राअभावी अडल्या असे आपण नोंदवतो आणि मूळ कारण कराराच्या एखाद्या कलमात असते.

ओक्युलरची रचना अशी की चेहरा एक आणि आत प्रत्येक रूपासाठी वेगळा वाचक: पीडीएफला पॉपलर, पोस्टस्क्रिप्टला घोस्टस्क्रिप्ट, देजाव्हूला देजाव्हूलिब्र, टिफला लेफ्लर यांचे जुने ग्रंथालय. लिनक्सवर जन्मलेला हा प्रोग्राम आज विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानातून विनामूल्य मिळतो. २०२२ मध्ये त्याला जर्मनीचे 'ब्लू एंजल' हे पर्यावरणचिन्ह मिळाले. सॉफ्टवेअरला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. जुन्या यंत्रावर चालणारा दर्शक नवे यंत्र घ्यायला लावत नाही, हा विचार त्यामागे आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावांवर सह्या करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे मूळ संकेतस्थळ २०१७ च्या सुमारास बंद पडले. त्याआधी तिच्यातील बहुसंख्य पुस्तके कार्ल मलामुद यांच्या प्रयत्नाने इंटरनेट आर्काइव्हवर उतरवली गेली होती, म्हणून ती वाचली. टिफची पाने तिथे पीडीएफ होऊन कोणत्याही यंत्रावर उघडतात. सोबत एक जुना दोषही गेला. स्कॅन करताना मराठी शीर्षके रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी टंकली गेली होती. बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी भारतीय भाषांच्या रोमन लिप्यंतरासाठी 'ओम' ही नेटकी पद्धत तयार केली होती, पण प्रत्यक्ष नोंदी करणारे हात शेकडो होते. दर्शकाचा प्रश्न सुटला, आता पुस्तक सापडण्याचा उरला आहे. सरदेसायांच्या पेशवे दप्तराचे खंड तिथे आहेत. बेंगळुरूतल्या माझ्या जुन्या लिनक्स यंत्रावर आणि मुलीच्या विंडोजवर ते सारखेच उघडतात. शोधताना मात्र 'पेशवा' आणि 'दफ्तर' हे दोन्ही शब्द रोमन लिपीत तीन-चार प्रकारांनी लिहून पाहा. एका प्रकाराने काही खंड येतात, उरलेले दुसऱ्याने.

त्या लिपिकाची पदोन्नतीची तारीख अकरा महिन्यांनी मागे गेली, आणि निवृत्तिवेतनाची फेरआकारणी झाली. 'फाइल खराब' हा शेरा टिपणीवर तसाच आहे, त्याखाली यादीची छापील प्रत जोडलेली आहे.